हरवायला कुणीतरी हवं

आमच्या जिल्ह्याच्या खुल्या बॅडमिंटन स्पर्धेत महिला एकेरीचा ड्रॉ, म्हणजे सामन्यांचा तक्ता, एका पानावर मावतो, आणि त्यातही निम्मं पान कोरं असतं. अकरा, तेरा, पंधरा वर्षांखालच्या गटांत मुलींची गर्दी असते. आया डबे घेऊन सकाळपासून बाकांवर बसलेल्या असतात, वडील मोबाइलवर शूटिंग करत असतात. मग दहावी येते. शिकवणीची वेळ आणि हॉलची वेळ एकच निघते. रात्री नऊला पोरगी घरी कशी येणार, हा प्रश्न निघतो. सतरा वर्षांखालच्या गटात नावं रोडावतात, एकोणीसमध्ये बोटांवर मोजण्याइतकी उरतात, आणि महिला गटात मग आम्ही ठरलेल्या बायका: एक डॉक्टर, दोन शिक्षिका, पोलीस खात्यातली एक, आणि मी. मी बँकेत नोकरी करते. चाळिशीला टेकले आहे. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, तिथेच वडिलांनी हातात रॅकेट दिली. हे विजेतेपद बरीच वर्षं माझ्याकडेच होतं. 2025 च्या श्रावणात, आमच्याकडच्या कानबाईच्या सणाचे रोट संपतात न संपतात तोच, पंधरा वर्षांच्या एका मुलीनं ते माझ्याकडून जिंकून नेलं.

निकालानंतर व्हॉट्सअॅपवर ‘धक्कादायक निकाल’ असं बरंच फिरलं. मला ते पटलं नाही. आम्ही जे रोज हॉलवर असतो, त्यांच्यातल्या कुणालाच धक्का बसला नव्हता. ही गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत तयार होत होती, आणि ती तयार होण्यात माझाही हात होता. तो कसा, ते नीट मांडावं म्हणून लिहिते आहे.

हॉलवर सगळे तिला बारकी म्हणतात. अंगानं काटक, पाय लांब, बोलणं कमी. वडील रिक्षा चालवतात, मूळचे यावल तालुक्यातले. सरांकडे ती लहान गटात शिकायला लागली तेव्हा मी तिच्याकडे फारसं पाहिलंही नव्हतं, तशा खूप मुली येतात. एका संध्याकाळी माझा खेळ संपायची वाट पाहत तिचे वडील दारात उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, हिले जरा तुमच्यासंगं खेळू द्या. पोरींमधी हिले पुरनारं कोनी नाही.”

त्यांना बॅडमिंटनचे नियम तेव्हा धड माहीत नव्हते, पण नेमकी अडचण त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. खानदेशात शिकवणारे चांगले आहेत. सिंथेटिक मॅट आता तालुक्यांपर्यंत पोचल्या आहेत, रॅकेट घरपोच येते. जे मिळत नाही ते म्हणजे नेटच्या पलीकडे उभं राहणारं, आपल्यापेक्षा थोडं भारी माणूस. पुण्यात, ठाण्यात, मुंबईत एखाद्या मुलीला तिच्याहून सरस अशा दहा जणी एकाच हॉलमध्ये भेटतात. ती रोज हरते, आणि रोज हरता हरता वाढते. आमच्याकडे तेरा-चौदाव्या वर्षी चांगल्या मुलीला हरवणारं कुणी उरतच नाही. मग ती मुलांशी खेळते. त्यानं हात वेगवान होतो, ते खरंच आहे. पण मुलं स्मॅशवर, म्हणजे जोरात खाली मारलेल्या फटक्यावर गुण संपवतात. महिला एकेरीतली लांब रॅली, म्हणजे एका गुणासाठी लांबत जाणारी फटक्यांची देवाणघेवाण, तिच्यातला धीर, शटल कधी मारायचं आणि कधी नुसतं मागे ढकलायचं हे तिथे शिकता येत नाही.

मी पस्तिशी ओलांडली तेव्हापासून घरून, बँकेतून, मैत्रिणींकडून एकच सल्ला येतो: आता मास्टर्समध्ये खेळ. पस्तिशीपुढच्यांचे वेगळे गट असतात, वयाच्या बरोबरीच्या बायका भेटतात, गुडघ्यांवर ताण कमी येतो. माझ्या काही मैत्रिणी तिकडे आनंदानं खेळतात आणि छान खेळतात. पण मी खुल्या गटातून नाव काढलं, तर त्या ड्रॉमध्ये बारकीसमोर कोण उरणार? तिला चषक मिळेल, पण तो ज्याच्यामुळे मोलाचा होतो ते काहीच मिळणार नाही. प्रकाश पदुकोण 1971 मध्ये सोळाव्या वर्षी राष्ट्रीय विजेते झाले आणि ते विजेतेपद त्यांनी सलग नऊ वर्षं सोडलं नाही. 1980 मध्ये सय्यद मोदीनं ते घेतलं आणि पुढे आठ वर्षं स्वतःकडे ठेवलं. पलीकडे पदुकोण उभे होते म्हणून मोदीच्या त्या पहिल्या विजेतेपदाला वजन आलं. आमचा जिल्हा लहान, आमची स्पर्धा त्याहून लहान, पण हिशेब तोच. मुलींना हरवायला कुणीतरी हवं, आणि ते माणूस हरवायला अवघड असायला हवं. तेवढं काम माझ्या हातात होतं. ते मी मनापासून केलं.

सराव सुरू झाला तो ऐन उन्हाळ्यात. आमचा उन्हाळा काय असतो ते बाहेरच्यांना कळणार नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, हॉलचं पत्र्याचं छप्पर संध्याकाळी सातलाही तापलेलं, आणि शटल वाऱ्यानं हलतं म्हणून खेळताना पंखे-कूलर बंद. कोरड्या हवेत शटलची पिसं कडक होतात, दोन स्मॅशमध्ये तुटतात. पिसाच्या शटलच्या किमती अशा वाढल्या आहेत की एक ट्यूब संपली की पोटात कालवतं. म्हणून आमच्याकडे आदल्या रात्री ट्यूबची दोन्ही झाकणं काढून ती किटलीच्या वाफेवर काही क्षण धरतात आणि मग बंद करून ठेवतात. पिसांना थोडा ओलावा मिळतो, शटल जास्त टिकतं. बारकीच्या आईनं हे काम स्वतःकडे घेतलं होतं. शिवाय तापलेली हवा विरळ असते, शटल हवेत भराभर पळतं, टॉस, म्हणजे उंच आणि मागे खोल मारलेले फटके, सहज बाहेर जातात. या हवेत ज्याला टॉसची लांबी आवरता येते, तो कुठेही खेळू शकतो, असं माझे वडील म्हणायचे. ते मी तिला पहिल्या आठवड्यातच सांगितलं.

सुरुवातीला ती माझ्याकडून गेममध्ये दहा-अकरा गुणांच्या वर जात नव्हती. तिचा खेळ एकच होता: शटल वर दिसलं की मार. मी मागच्या डाव्या कोपऱ्यात खोल टॉस द्यायचे, मग पुढे ड्रॉप, म्हणजे नेटजवळ अलगद पडणारा फटका, पुन्हा मागे. पाचव्या-सहाव्या फटक्याला ती कंटाळून स्मॅश मारायची आणि शटल नेटमध्ये. मी तिच्यासाठी खेळ कधी हलका केला नाही. सर एकदा म्हणाले, “एखादा गेम देऊन टाका, पोरीचा हुरूप वाढेल.” मी दिला नाही. दिलेला गेम खेळाडूला लगेच कळतो आणि मनात खुपत राहतो, हे मी माझ्या लहानपणी अनुभवलेलं आहे.

आमच्या हॉलवर एक जुनी ओढ आहे. 13 जानेवारी 2022 ला दिल्लीत, इंडिया ओपनच्या दुसऱ्या फेरीत नागपूरच्या मालविका बनसोडनं सायना नेहवालला 21-17, 21-9 असं सरळ हरवलं. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या सायनाला, आणि तेही पहिल्याच भेटीत. मालविका तेव्हा वीस वर्षांची होती. नागपूर आमच्याहून कितीतरी मोठं शहर, पण पुण्या-मुंबईबाहेरचं म्हणून आमच्या मुलींना ती आपलीच वाटली. कितीतरी दिवस त्या मोबाइलवर तिचा खेळ पाहत होत्या. बारकी तेव्हा लहान होती. 2025 च्या जुलैत तिच्या पाहण्यात जो सामना आला तो वेगळा होता: चांगझोऊमध्ये चायना ओपनच्या दुसऱ्या फेरीत सतरा वर्षांच्या उन्नती हुडानं पी. व्ही. सिंधूला 21-16, 19-21, 21-13 हरवलं. दुसऱ्या दिवशी बूट बांधता बांधता बारकी मला म्हणाली, “ताई, दुसरा गेम गेला तरी ती बिचकली नाही. तिसऱ्यात आणखी पुढे येऊन खेळली.”

मी तिला सांगितलं की याच चांगझोऊमध्ये सप्टेंबर 2012 मध्ये सिंधूही सतराच वर्षांची होती. लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक गळ्यात घालून महिनाभरापूर्वीच घरी परतलेली चीनची ली श्युएरुई तिच्यासमोर होती, आणि तिच्याच देशात सिंधूनं तिला तीन गेममध्ये हरवलं. बारकीनं बूट तसाच ठेवून विचारलं, “मग ली श्युएरुई काय करायची, जे सिंधूताईंना कळलं होतं?”

तिचं डोकं कुठे चालतं ते मला त्या प्रश्नानं दाखवलं. निकालाचं कौतुक सगळी मुलं करतात. समोरची काय करते, हे विचारणारी मुलगी मी आमच्या हॉलवर पहिल्यांदा पाहिली. आणि तिच्यासमोर रोज मीच उभी होते.

स्पर्धा रविवारी संपायची होती. पहिल्या फेऱ्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन वॉकओव्हर झाले. उपांत्य फेरीत मी डॉक्टरीणबाईंना हरवलं, तिनं पोलीस खात्यातल्या ताईंना. त्या सामन्यात तिनं एकदाही घाई केली नाही, हे मी बाकावरून पाहिलं आणि मनाशी नोंदवलं.

अंतिम सामन्याला सर दोघींपैकी कुणाच्याच मागे बसले नाहीत. “दोघी माझ्याच,” म्हणून ते सरळ वर गॅलरीत गेले. माझ्या मागच्या खुर्चीवर डॉक्टरीणबाई बसल्या, बारकीच्या मागे तिचे वडील, हातात पाण्याची बाटली आणि नॅपकिन. बाहेर पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की अंपायरचं “लव्ह ऑल, प्ले” आम्हाला ओठांवरूनच समजलं.

पहिला गेम मी 21-13 घेतला. नेहमीचाच खेळ: खोल टॉस, हळू ड्रॉप, आणि उजव्या मागच्या कोपऱ्यातून माझा क्रॉस ड्रॉप. तो माझा सगळ्यात विश्वासाचा फटका. खांदा सरळ टॉसला वळतो तसाच वळतो आणि शेवटच्या क्षणी मनगट शटलला कापतं. शटल नेट ओलांडून समोरचीच्या उजव्या हाताला, पुढे, अगदी जवळ पडतं. इतक्या वर्षांत किती जणी त्यावर जागच्या जागी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. बारकीही पहिल्या गेममध्ये दोनदा तशीच उभी राहिली. मग मात्र काहीतरी बदललं, आणि ते समजायला मला दुसरा गेम निम्मा संपावा लागला.

मी उजव्या मागच्या कोपऱ्यात गेले की ती मध्यावर थांबत नव्हती. जेमतेम अर्धं पाऊल, पुढे आणि उजवीकडे. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसलंही नसतं. माझा क्रॉस ड्रॉप नेट ओलांडायचा तेव्हा तिची रॅकेट तिथे आधीच पोचलेली असायची. शटल नेटच्या पट्टीवर असतानाच ती त्याला नुसतं टेकवायची, सरळ, माझ्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात. एकेरीच्या अर्ध्या कोर्टचा कर्ण साडेआठ मीटरच्या आसपास भरतो. एकेरीत त्याहून लांब धाव नाही, आणि ती धाव माझ्याच आवडत्या फटक्यानं माझ्या वाट्याला येत होती. अकरा गुणांवरच्या विश्रांतीला ती 11-7 ने पुढे होती. डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, “क्रॉस बंद कर. ती वाट बघतेय.” मलाही तोवर कळलं होतं. सामना माझ्या मते तिथेच फिरला. त्या साठ सेकंदांत मी पाणी पीत तिच्याकडे पाहत होते, आणि मला आनंद झाला होता, हे मी आज कुणालाही सांगेन. ही मुलगी माझा फटका उघडून बसली होती. इतक्या मोठ्या बायकांना जे जमलं नव्हतं, ते तिनं सरावात गप्प राहून, एक शब्द न बोलता जमवलं होतं. सरावात तिनं ते अर्धं पाऊल मला एकदाही दाखवलं नव्हतं.

क्रॉस बंद केल्यावर मी थोडी सावरले, पण तो गेम तिनं 21-17 घेतला.

तिसऱ्या गेममध्ये मी सगळं बदललं. ड्रॉप सरळ. टॉस कमी, सपाट ड्राइव्ह जास्त. तिनं अर्धं पाऊल पुढे टाकलं की तिच्या डोक्यावरून मागे. काही वेळ ते चाललं, 11-9 ने मी पुढे होते. कोर्ट बदलल्यावर पश्चिमेच्या दाराकडची बाजू मला आली. दार बंद असलं तरी फटीतून पावसाळी वारा येतो आणि त्या बाजूनं मारलेला टॉस वारा पुढे ढकलतो. पण त्याचा सराव मला चांगला आहे, तिच्याहून जास्त. 14-14 झालं.

त्यानंतरची रॅली मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवते. किती फटके झाले ते मी मोजले नाहीत, गॅलरीतल्यांनी मोजले म्हणे आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे. मी तिला चारही कोपऱ्यांत नेलं. तिनं मला नेलं. दोनदा मला वाटलं की शटल गेलं, आणि दोनदा ते लाकडी आवाज करत परत आलं. तिला मारता आलं असतं अशी निदान दोन शटल तिनं मारली नाहीत, उचलून मागे ठेवली. माझा सगळा खेळ आयुष्यभर या गोष्टीवर उभा आहे: समोरची मारेपर्यंत थांबायचं. आता ती थांबत होती आणि मीच मारायला निघाले होते. शेवटी मी जोरात स्मॅश मारला, तिनं तो ब्लॉक केला, शटल नेटला चाटून माझ्या बाजूला पडलं. मी गुडघ्यावर हात टेकले. अंपायरनं फरशी पुसायला पोरगा पाठवला तेव्हा मला श्वास घ्यायला जरा वेळ मिळाला.

वय पायात येतं असं सगळे म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. पाय पोचत होते. टॉस आखूड पडायला लागले. मागच्या रेषेवर पडणारं शटल हातभर अलीकडे पडू लागलं, आणि तेवढ्या हातभर जागेत तिचा हाफ स्मॅश बसू लागला. थकलेल्या खांद्याला लांबी साधत नाही, आणि ही गोष्ट आधी समोरच्याला कळते, मग आपल्याला. तिला लगेच कळली. 21-16. शेवटचे पाच-सहा गुण भराभर गेले.

हात मिळवताना ती नेटखालून आत आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वर धरलं. तिचे वडील हातात नॅपकिन घेऊन तसेच उभे होते, त्यांना सामना संपला हे आधी कळलंच नाही. मग त्यांनी डोळ्यांना नॅपकिन लावला. सर गॅलरीतून खाली आले ते थेट तिच्या पायाचा घोटा तपासायला, तिसऱ्या गेममध्ये तो किंचित मुरगळला होता म्हणे. मला ते दिसलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बँकेत सांत्वनाचा सूर होता. “जाऊ द्या मॅडम, एखाद्या दिवशी होतं असं.” त्या सगळ्यांना मी तेच सांगितलं जे इथे लिहिते आहे: तसं एखाद्या दिवशी होत नाही. घरी सासूबाईंनी शेवभाजी केली होती, भाकरी वाढताना त्यांनी फक्त विचारलं, “पोर चांगली खेळली का?” मी म्हटलं, खूप चांगली. हरल्याची टोचणी होती, दोन रात्री नीट झोप लागली नाही. इतकी वर्षं मनापासून सांभाळलेली गोष्ट जाते तेव्हा टोचणारच. ती टोचणी आणि तिच्या खेळाचा आनंद या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी होत्या, एकीनं दुसरीला कमी केलं नाही.

आता तिच्यापुढे राज्य स्पर्धा आहे. ऑनलाइन नोंदणी, जन्मदाखल्याची प्रत, फोटो, हे सगळं मी आणि तिच्या वडिलांनी एका दुपारी बसून पूर्ण केलं. तिकडे तिला हरवणाऱ्या बऱ्याच जणी भेटतील, त्यांच्यात डावखुऱ्याही असतील, आणि डावखुऱ्या मुलीशी ती आजवर एकदाही खेळलेली नाही. आमच्याकडे डावखुरी खेळाडूच नाही. जळगावात एक कॉलेजचा मुलगा आहे, त्याच्याशी बोलणं झालं आहे, रविवारी तो येईल. दहावीचं वर्ष आहे म्हणून तिच्या मामांनी वर्षभर खेळ बंद ठेवायचा विषय काढला होता. तिची आई त्यावर फक्त एवढंच म्हणाली की शिकवणी सकाळची लावू. मी हॉलवरून तिला रोज घरी सोडते. माझ्या वाटेवरच आहे.

आमच्या सामन्याचा व्हिडिओ मला मिळाला. तो मी पुन्हा पुन्हा पाहिला, तिनं माझ्यावर जी नजर ठेवली होती त्याच नजरेनं. दुसऱ्या गेमपासून एक गोष्ट दिसते. तिला मागच्या डाव्या कोपऱ्यात घाईनं नेलं की डोक्यावरून मारलेला तिचा फटका नेहमी सरळ येतो, म्हणजे माझ्या उजव्या हाताला. निवांत असली तर ती क्रॉसही मारते, घाईत कधीच नाही. पुढच्या वर्षी खुल्या गटात माझं नाव असणारच आहे, म्हणून ते तिला सांगितलेलं नाही. सांगून कळण्यापेक्षा तिनं ते स्वतः शोधावं, राज्य स्पर्धेच्या आत, आणि त्यासाठी मी तिला त्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा पकडायला हवं. मंगळवारी सरावात मी पहिल्यांदा तसं खेळले आणि पहिला गेम 21-15 घेतला. दुसऱ्या गेमच्या मध्यावर तिनं शटल हातात धरून विचारलं, “ताई, तुम्ही आज उजवीकडे सरकून का उभ्या राहताय?” मी म्हटलं, सर्व्हिस कर. तो गेम तिनं घेतला. तिसरा अर्धवट राहिला, नऊ वाजले आणि दुहेरीवाले कोर्टवर आले. तेव्हा मी 12-10 ने पुढे होते.